आडवी सायकल, उभी ट्रॉली

कारखान्याचं धुराडं परवा पुन्हा पेटलं. त्यासाठी पेपर उघडावा लागत नाही. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी बसते, आणि रस्त्याकडून ट्रॅक्टरवरच्या स्पीकरचा दणदणाट कानावर येतो. आमच्या सांगलीकडे हा वास आला की माणसांचे चेहरे खुलतात. माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. मला राग येतो.

ऋतूंच्या आठवणी लिहायला बसलं की माणसं हळवी होतात. मलाही कार्तिकातली थंडी आठवते, पहाटेचं नदीवरून येणारं धुकं आठवतं, तोडलेल्या उसाचा हिरवट ओला वास आठवतो. पण यातलं काहीच मला रागावाचून आठवत नाही. म्हणून जे आहे ते रागासकटच लिहिते.

मी सांगलीहून पलूसकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. शाळेच्या पुढं दोन गावं सोडून माझं माहेर. नोकरी लागल्यापासून मी शाळेत सायकलनंच जात आले. सुरुवातीला गरज म्हणून, नंतर सवय म्हणून, आणि शेवटी शेवटी तर त्या रस्त्यावरचा तासभर हाच दिवसातला माझा स्वतःचा वेळ उरला म्हणून. कुठल्या शेतात उसाची आडसाली लागण झाली, कुठल्या विहिरीवर नवी मोटर आली, हे मला शेतकऱ्यांच्या आधी कळायचं.

एका हंगामात, दिवेलागणीच्या सुमाराला शाळेतून परतत होते. मागून ट्रॅक्टर आला. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, उसानं फुगलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आलेला ऊस. पहिली ट्रॉली गेली. दुसरीतल्या एका उसाचं टोक माझ्या हँडलमध्ये अडकलं आणि सायकलीसकट मला ओढत नेऊन त्यानं रस्त्याकडेच्या चारीत फेकलं. ट्रॅक्टर थांबला नाही. थांबणार कसा? स्पीकरवर गाणं एवढ्या जोरात होतं की ड्रायव्हरला स्वतःच्या इंजिनाचा आवाज येत नसणार. मी चिखलात पडून बघत होते. ट्रॉलीच्या मागं ना दिवा, ना चमकणारी लाल पट्टी, ना वाचता येईल असा नंबर. अंधाराचा एक मोठा ठोकळा अंधारात शिरला, एवढंच दिसलं.

मणक्यातली गादी सरकली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काचेवर लावून दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, सायकल विसरा. वाकून बसणं बंद. धक्के बंद."

पुढचे महिने मी पाठीला पट्टा बांधून रिक्षातून शाळेत गेले. आमच्या यांनी स्कूटरवरून सोडायचा आग्रह केला, पण मागच्या सीटवर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात घुसायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण मलाच शहाणपण शिकवायचा. या वयात सायकल कशाला? संध्याकाळी कशाला? त्या रस्त्यानं कशाला? ट्रॉलीला मागं दिवा का नाही, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझा थोरला भाऊही त्यातलाच. दादा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला. ऊस आहेच, शिवाय ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या कारखान्याच्या वाहतुकीला लावलेल्या. तो मला बघायला आला, उशाशी बसला, आणि म्हणाला, "सुमे, माझी न्हवती बरं का ती ट्रॉली."

"मी कुठं म्हटलं तुझी होती?"

"न्हाई, सांगून ठिवतो."

"तुझ्या ट्रॉलीला तरी मागं लाल पट्टी आहे का?"

"हत्तीएवढी ट्रॉली असती. दिसत न्हाई म्हणणाऱ्याचं डोळं तपासाय पायजेत."

मी भिंतीकडं तोंड केलं. कुणाची होती ते मला कळलं नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. म्हणजे ती त्या रस्त्यावरच्या कुणाचीही असू शकत होती. दादाची नव्हती हे फक्त दादाला माहीत होतं.

पाऊस ओसरता ओसरता शाळेतल्या एका सरांनी साताऱ्याच्या पवारसरांचं नाव सांगितलं. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, माझ्यासारखीच पाठ गेलेली, आणि तरी रोज सायकल चालवणारे. मी एसटीनं साताऱ्याला गेले. गोडोलीच्या बाजूला त्यांचं घर, वर अजिंक्यतारा ढगात बुडालेला. पोर्चमध्ये तीन सायकली उभ्या होत्या, पण त्यांना उभ्या कसं म्हणायचं? तिन्ही आडव्या होत्या. जाळीच्या आरामखुर्चीला चाकं लावावीत तशा. मागं रेलून बसायचं, पाय समोर लांब करायचे आणि पुढं असलेले पायडल मारायचे. पाठीवर, मानेवर, मनगटांवर भार म्हणून नाही. इंग्रजीत तिला रिकंबंट म्हणतात. पवारकाकू तिला "आमच्या ह्यांचा पाळणा" म्हणत होत्या.

"तिन्ही चालवून बघा," पवारसर म्हणाले. "मग भांडू."

पहिली लांब होती. पायडल पुढच्या चाकाच्या मागं, बूड जमिनीपासून बेताच्या उंचीवर, पाय सहज टेकणारे. निघायला सोपी, सरळ रस्त्यावर आगबोटीसारखी शांत. पण गल्लीच्या तोंडाशी वळवायला गेले तर ती वळेचना. उतरून, मागं ओढून, पुन्हा पुढं घेऊन वळवावी लागली. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली ती मावलीच नसती.

दुसरी आखूड. हिचे पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं, त्यामुळं पाय जवळजवळ छातीएवढे वर. मला ती बघताक्षणी आवडली. देखणी होती. वेगात आली की मोटारीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी डोळा भिडायचा, आणि मला नेमकं तेच हवं होतं. पण निघताना पहिलाच पायडल जोरात मारावा लागायचा, नाहीतर ती झोकांड्या खायची. समर्थ मंदिराकडच्या चढाला वेग कमी झाला, वळताना टाच चाकाला घासली, पाय टेकवायला उशीर झाला आणि मी आडवी झाले. लागलं नाही फारसं. पण पाठीतून ती जुनी कळ वीज सळसळावी तशी गेली, आणि मी रस्त्यावर बसूनच त्या सायकलीला शिव्या दिल्या. शिक्षिकेनं देऊ नयेत अशा.

तिसरी तीन चाकी. पुढं दोन चाकं, मागं एक, हाताशी दोन्ही बाजूंना दांडे. बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तिला मी हात लावायलाच तयार नव्हते.

"ही अपंगांची गाडी आहे," मी म्हणाले.

"मग?" पवारसर म्हणाले. "अपंग रस्त्यावर जात नाहीत?"

"जातात. पण त्यांना तसं कुणी केलं याचा जाब कुणी देत नाही. मी हिच्यावर बसले की सगळे म्हणतील, बिचारी. मला बिचारी व्हायचं नाहीये."

"ते तुम्ही आणि लोक बघून घ्या. मी पाठीबद्दल बोलतोय. चढावर हवी तेवढी सावकाश न्या, दम लागला तर तशाच थांबा, पाय टेकायचा नाही, तोल सांभाळायचा नाही. आता हिचे दोष ऐका. तिन्ही चाकांना तीन वेगवेगळे खड्डे लागतात. रुंद आहे, त्यामुळं कडेनं सटकता येत नाही. पाय पायडलवर पट्ट्यानं बांधायचे, सुटला तर गाडीखाली जाईल. मान वळवून मागचं दिसत नाही, दोन आरसे लागतात. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे तुम्ही खाली असता. वरून कुणाला दिसत नाही."

"मग पुन्हा ट्रॉलीखाली जाऊन मरायचं का?"

"झेंडा लावा," काकू म्हणाल्या. "उंच काठीला भगवा नाहीतर नारंगी फडका. माझ्या नजरेला ह्यांचा फडका आधी दिसतो, मग हे."

मी बसले. पट्टे बांधले. उतारावरून निघाले आणि पहिल्या वळणापर्यंत श्वास धरून वाट बघितली, कळ कधी येतेय याची. आली नाही. दुसऱ्या वळणावर नाही. खाली पोवई नाक्याची गर्दी दिसायला लागली, वारा कानात शिरला, पाय आपोआप फिरत राहिले, आणि पाठ गप्प होती. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा गप्प बसली होती. मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. एवढं साधं सुख कुणीतरी माझ्याकडून हिसकावून घेतलं होतं, आणि ते परत मिळवायला मला इतक्या लांब, परक्या घरी, याचना करायला यावं लागलं होतं. त्याचं रडू होतं.

परतल्यावर कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून पवारसरांच्या मापानं तीन चाकी करून घेतली. दोन बदल मी हट्टानं केले. आपल्या खड्ड्यांसाठी जाड टायर, आणि बैठक थोडी उंच. उंच केली की वळणावर तोल कमी राहतो, असं पवारसर फोनवर सांगत होते. मी म्हटलं, वळण सावकाश घेईन, पण मला दिसायचंय.

आणि दिसले. नको तेवढी दिसले. पहिल्या आठवड्यात रस्त्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये माझा व्हिडिओ होता. "मॅडम, झोपून कुठं निघालाय?" "उशी इसरली व्हय?" प्रवासी कोंबलेल्या वडापच्या जीपगाड्या माझ्या शेजारून मुद्दाम हळू जायच्या, आतली डोकी एकदम बाहेर यायची. मी हसून हात करायला शिकले. पण आत प्रत्येक वेळी वाटायचं, यांना माझी सायकल बुटकी दिसते, पण ट्रॉलीवरचा तो डोंगर कुणालाच उंच दिसत नाही.

मग पौषातली ती सकाळ आली. धुकं इतकं दाट की रस्त्याकडेची चिंच सावलीसारखी उगवायची आणि विरघळायची. मी दिवे लावून, फडका वर करून, अगदी कडेनं सावकाश चालले होते. पुढं अचानक उसाचा वास घट्ट झाला. वास आधी आला, ट्रॉली नंतर दिसली. पंक्चर झालेली, रस्त्याच्या मधोमध उभी, चाकाला दगड लावलेले. मागं काही म्हणजे काही नाही. ट्रॅक्टर सोडवून घेऊन ड्रायव्हर निघून गेलेला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि थांबले. मागून मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. तिनं माझा दिवा पाहिला, मला वळसा घातला, आणि पुढच्या क्षणी लोखंडावर आपटल्याचा आवाज झाला.

तो अशोक होता, आमच्या शाळेजवळच्या वस्तीवरचा. पट्टे सोडून उठेपर्यंत माझा जीव वरखाली झाला. मी पोचले तेव्हा तो दुधात पडला होता. सगळ्या रस्त्यावर पांढरं दूध, त्यातून वाफ निघतेय, आणि त्याचा गुडघा भलत्याच दिशेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, फोन लावले. माणसं जमली. आणि रुग्णवाहिका यायच्या आत त्या माणसांनी निकाल दिलासुद्धा.

"ही बाई मधी आडवी पडून चालली हुती. तिला चुकवाय गेलं बिचारं."

मी त्याचं डोकं तसंच धरून बसले. माझ्या साडीवर दूध आणि रक्त होतं. तेवढ्यात धुक्यातून एक बुलेट आली आणि तिच्यावरून दादा उतरला. ट्रॉली त्याची होती.

त्यानं अशोककडं पाहिलं, ट्रॉलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "व्हय, सायकलच आडवी आली आसंल. धुक्यात कोण काढतंय असली गाडी?"

ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. सख्खा भाऊ. लहानपणी मी अंगणात पडले की मला खांद्यावर घेऊन वैद्याकडं पळणारा.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात गेले. अशोकच्या पायात सळई घातली होती. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आवं मॅडम, तुमी न्हवता आडव्या. तुमचा दिवा मला लांबनं दिसला, म्हणून तर मी सावकाश वळलो. ट्रॉलीच दिसली न्हाई मला. पार नाकाला लागंस्तवर न्हाई."

"हे पोलिसांना सांगशील?"

"सांगितलंय. पर लोकं तुमचा तो जुना व्हिडिओच बघत्यात."

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी घरी आलेच नाही. सरळ कारखान्यावर गेले. शेती विभागात अधिकारी होते. मी विचारलं, ट्रॉल्यांना लाल पट्ट्या का नाहीत? ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आलेत मॅडम रोल. स्टोअरला पडलेत. हंगामाची गडबड, वाटायचं राहून गेलं."

पडलेत. वाटायचं राहून गेलं. मी त्यांच्याशी भांडले नाही. बाहेर आले, सायकलीवर बसले, पट्टे बांधले, आणि वजनकाट्याकडं जाणाऱ्या फाटकात मधोमध जाऊन थांबले. ब्रेक लॉक केले. मग मागं रेलले. तीन चाकी निवडल्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा मनापासून समाधान वाटलं. पडायची भीती नाही, पाय दुखत नाहीत, आणि चारचौघांनी उचलल्याशिवाय हलत नाही.

पहिल्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या रांगेनं. ड्रायव्हर उतरून आले.

"ओ मॅडम, नंबर लागलाय आमचा."

"मागं लाल पट्टी लाव आणि जा. पट्टी नसलेली ट्रॉली माझ्या अंगावरून जाईल."

"आवं, आमी काय मालक हाय का?"

"मग मालकाला बोलव. नाहीतर त्या साहेबांना सांग, स्टोअर उघडा."

वॉचमन आला, समजावून गेला. अधिकारी आले, आवाज चढवून बघितला. कुणीतरी म्हणालं, उचला हिला. पण हात लावायला कुणी पुढं झालं नाही. मोबाइल वर निघालेच होते. खरं सांगते, मी भयंकर घाबरले होते. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

दादाला कुणीतरी फोन केला असणार. तो आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ऊठ सुमे. सगळं गाव बगतंय."

"बघू दे. मी दिसते ना सगळ्यांना? जे दिसत न्हाई त्यासाठी आलेय."

"माझी इज्जत काढतीस?"

"अशोकचा पाय गेला, दादा. आणि तू लोकांना सांगितलंस, सायकल आडवी आली."

तो उठला, बुलेट सुरू केली आणि निघून गेला. मागं वळून पाहिलं नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा स्टोअरमधून पट्ट्यांची खोकी आली. रांग एवढी लांबली होती की गाळपासाठी ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहायची वेळ आली होती. माझ्यापेक्षा त्या रिकाम्या गव्हाणीनं त्यांना हलवलं, हे मला माहीत आहे. ड्रायव्हर पट्ट्या चिकटवायला लागले, पण फळ्यांवरच्या धुळीवर त्या चिकटेनात. तेव्हा ट्रॉलीवर बसून आलेल्या ऊसतोडणीच्या बाया खाली उतरल्या. बीडकडच्या. पदरानं, फडक्यानं, मिळेल त्यानं फळ्या पुसायला लागल्या. एक जण माझ्यापाशी येऊन पाण्याची बाटली देत म्हणाली, "आमी बी ह्याच्यावरच बसून येताव, बाई. रातच्याला लई भ्याव वाटतंय." एवढे हंगाम हा रस्ता मी वापरत होते, आणि उसाच्या वर माणसं बसलेली असतात हे मी पाहून न पाहिल्यासारखं करत होते.

पहिली ट्रॉली पट्टी लावून पुढं आली तेव्हा मी ब्रेक सोडले.

सगळं सुधारलं असं सांगून मला कुणाला खूश करायचं नाही. त्या हंगामात पट्ट्या दिसल्या. यंदा निम्म्या ट्रॉल्यांना आहेत, निम्म्यांच्या उसानं घासून गेल्यात. अशोक लंगडतो, दुधाचा धंदा आता त्याची बायको बघते. स्पीकर तसेच आहेत. मी रोज तीन चाकीवरून जाते, पाठ गप्प आहे, आणि लोक आता हसत नाहीत. काही जण मला घाबरतात, ते मला चालतं.

दादा त्यानंतर माझ्याकडं आलाच नाही. गेल्या भाऊबीजेला ताट करून मी दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग ते आवरून ठेवलं. यंदा मी काही केलं नव्हतं. तर काल संध्याकाळी दारात बुलेट थांबली. पांढरा सदरा, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. आत येऊन बसला. आमचे हे त्याच्याशी पावसाबद्दल बोलले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मग त्याचाच आवाज आला.

"सुमे, ती गाडी चालवून बगू का जरा?"

मी कुलपाची किल्ली दिली. बोलले नाही. गॅलरीतून पाहत राहिले. गुडघे धरत तो कसाबसा खाली बसला, पट्टे बांधले, आणि गल्लीतून मोठ्या रस्त्याकडं गेला. रस्त्यावर ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्यांचा. इमारतींच्या आड दादा मला दिसेनासा झाला. परत आला तेव्हा त्याच्या टोपीवर उसाची वाळली पानं होती आणि चेहरा फिका पडला होता. पट्टे सोडायला त्याला फार वेळ लागला.

वर येऊन त्यानं पाणी मागितलं. एका दमात प्याला. मग भांडं खाली ठेवत म्हणाला, "आरसा आजून मोठा बसीव. डाव्या बाजूचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे सगळं होऊनसुद्धा मीच आरसा बसवायचा!

"आरसा तुझ्या ट्रॅक्टरला बसव, दादा," मी म्हणाले. "आणि त्या अशोकला एकदा जाऊन भेट. आणि गावाला सांग, सायकल आडवी आली नव्हती. तू खोटं बोललास म्हणून सांग."

त्यानं टोपीवरची पानं झटकली. मग म्हणाला, "अशोककडनंच आलोय आत्ता."

माफी मागायला गेला होता की गप्प करायला, हे मी विचारलं नाही. आत गेले, ताट केलं, निरांजन लावलं, आणि पाट मांडून त्याला बसायला सांगितलं. तो टोपी सारखी करून बसला. मग मी त्याला ओवाळलं. रागातच ओवाळलं.